पांढरा पाट

बबनभाऊंचा खरा आवाज मी दवाखान्यात लागल्यावर पहिलं वर्षभर ऐकलाच नव्हता. त्यांच्या ओठांत कायम खिळे असायचे. बारके, काळे, जोडे शिवणाऱ्यांकडे असतात तसले. जिभेने एक खिळा पुढे ढकलायचा, दोन बोटांनी घ्यायचा, हातोडीचा ठोका घालायचा, की पुढचा तयार. बोलायची वेळ आलीच तर ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून दोन शब्द गळायचे. "धा मिंटं, सिस्टर." मी म्हणायचे, "अहो भाऊ, गिळाल एखादा!" त्यावर नुसत्या भुवया वर. मी तेव्हा नवी होते आणि तोंडाची फटकळ. मला वाटायचं, माणूस तिरसट आहे. होताच तिरसट. ते माझं मत मी आजही बदललेलं नाही.

लोणावळ्यात वलवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. मी ड्रेसिंगला, आणि माझ्या भिंतीला लागून बबनभाऊंची चपलांची खोली. तिथे बधिर पायांच्या माणसांसाठी चपला व्हायच्या. पूर्वी कुष्ठरोगातून उठलेली माणसं यायची, आता बहुतेक सगळी साखरेची. साखर वाढून वाढून पायाची जाणीव जाते. खडा रुतला, काच घुसली, चटका बसला, कळतच नाही. माणूस तसाच चालत राहतो, आणि जखम आत आत जाते. अशा पायाला मऊ रबराचा तळ लागतो, वर चामड्याचे रुंद पट्टे लागतात, आणि त्या चपलेत खिळा म्हणून मारायचा नसतो. सगळं चिकटवायचं आणि शिवायचं. खिळे लागायचे ते दुसऱ्या कामाला, एक पाय आखूड असलेल्यांच्या उंच टाचेच्या बुटांना. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालायची. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या टेबलाचा भाऊंना भारी अभिमान. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं लाकूड होतं ते, कुणीतरी रेल्वेतल्या माणसाने दवाखान्याला दिलेलं. काळं, जड, तेल पिऊन चकचकीत झालेलं. वर्षानुवर्षं रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, चालवून मधोमध खोलगट झालं होतं आणि कडेने बारीक भेगा पडल्या होत्या. "माज्या नातवालाबी पुरंल ह्ये," असं खिळ्यांच्या फटीतून सांगायचे. नातू तेव्हा झालासुद्धा नव्हता.

भाऊ बेगडेवाडीचे. स्टेशनपासून थोडं आत घर. त्यांच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी तरुणपणी धर्मांतराच्या वेळी दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून गावचं मेलेलं जनावर ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, गावाने काम बंद केलं, उपास काढले, पण परत हात लावला नाही. आणि अशा माणसाच्या पोटी हा मुलगा दवाखान्यात कातडं कापायला लागला! नोकरी लागल्याचे पेढे घेऊन भाऊ घरी गेले, तर आबांनी पेढा हातातसुद्धा घेतला नाही म्हणे. "ज्ये सोडाया आमी हाडं मोडून घ्येतली, त्ये तू पगार घिऊन धरतूस व्हय रं?" भाऊंनी त्यावर जे उत्तर दिलं, ते त्यांनी मला पुढे कितीदा तरी सांगितलं. "आबा, तुमच्या वाट्याचं कातडं मेल्याचं हुतं. माजं जित्याचं हाय. ह्याच्यावर मानूस चालतो." आबांनी ऐकून घेतलं. पटलं म्हणून नव्हे, बघू या म्हणून.

मग राहीबाईंचं झालं.

राहीबाई इंदुरीच्या. शेतकरी घरातल्या, साठीच्या पुढच्या, अंगाने काटक आणि तोंडाने माझ्याही वरताण. साखर जुनी, दोन्ही पाय बधिर. भाऊंनी केलेल्या नव्या चपला घालून त्या गेल्या, आणि काही दिवसांनी मुलाच्या मोटरसायकलवर बसून आल्या त्या उजव्या पायाला जुनं लुगडं गुंडाळून. दुखत नव्हतंच. वास आला म्हणून सुनेने पाय बघितला. मी लुगडं सोडलं. टाचेजवळ भोक होतं आणि भोकातून वर घोट्यापर्यंत काळं पडत गेलं होतं. मी त्यांची चप्पल हातात घेतली, आत बोट फिरवलं, तर मलाच टोचलं. मऊ रबरातून तांदळाच्या दाण्याएवढं लोखंडाचं टोक वर आलं होतं. बाई त्यावर रोज चालत होत्या. शेतावर जात होत्या, विहिरीवर जात होत्या.

मी ते टोक चिमट्याने ओढून स्टीलच्या तबकात घातलं आणि तशीच भिंतीपलीकडे गेले. भाऊंचा हात हातोडीसकट थांबला. त्यांनी तबकात बघितलं. मग ओठांतले खिळे एकेक करून काढले आणि तळहातावर ठेवले.

"माजाच हाय," ते म्हणाले.

तो त्यांचा खरा आवाज. जाडाभरडा, थोडा बसका. ओठांत खिळे त्यांनी त्यानंतर कधीच धरले नाहीत.

कसं झालं, ते त्यांनीच मला दाखवलं. तुटका खिळा टेबलाच्या भेगेत उभा अडकून बसला होता. वर रबर ठेवून, चिकटवून, त्यावर रात्रभर वजनं ठेवायची ही त्यांची रीत. मऊ रबराने तो खिळा खालून अलगद उचलून घेतला. वरून काही दिसेना. राहीबाईंचं वजन पडल्यावर तो एकेक दिवस वर सरकत गेला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात राहीबाईंचा पाय गुडघ्याखाली कापला. आमचे तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "खिळा रस्त्यावर कुठेही लागू शकतो. आपण होऊन अंगावर ओढून घेऊ नका." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. राहीबाई घरी आल्यावर एका रविवारी मी त्यांच्या ड्रेसिंगला इंदुरीला निघाले, तर भाऊ तळेगाव स्टेशनबाहेर माझी वाट बघत उभे. पांढरा सदरा, इस्त्रीचा. मी म्हटलं, "भाऊ, नका येऊ. हात दाखवून अवलक्षण होईल." म्हणाले, "हुंद्या."

राहीबाई ओट्यावर बसल्या होत्या. भाऊ अंगणातच उभे राहिले. "मावशी, तुमच्या पायात गेला त्यो खिळा माज्या टेबलाचा हुता. रस्त्याचा न्हवता." मुलगा ताडकन उठला. राहीबाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं आणि भाऊंकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता काय करू? ववाळू तुला?"

अशा वेळी बायका करतात तेच सुनेने केलं, चहा आणला. मला आणि घरच्यांना फुलाफुलांच्या कपातून, आणि भाऊंना वळचणीला पालथ्या घातलेल्या, कान तुटलेल्या कपातून. हा काय प्रकार आहे ते मावळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी तोंड उघडणार, तेवढ्यात राहीबाईच कडाडल्या, "अगं ए, माजा पाय खाल्ला त्यानं, आन् तू कपाला इटाळ धरतीस? चांगल्या कपात दे त्याला!" सुनेने कप बदलून आणला. भाऊंनी चहा घेतला, पण बशीत ओतताना निम्मा सदऱ्यावर सांडला.

घरी आबांच्या कानावर गेलंच होतं. भाऊ दारात चपला काढत होते, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "मंग? चालती का ती बाई?"

हे मला भाऊंनी खूप वर्षांनी सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे कोरडे होते. माझेच भरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल जाळलं. धोब्याच्या खोलीमागे ओढत नेलं आणि रॉकेल ओतलं. स्टोअरकीपर धावत आला, "अहो, असलं लाकूड आता पैसे देऊन मिळत नाही! हा दवाखान्याचा माल आहे!" भाऊंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी राख निवल्यावर फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून राखेतून फिरवलं. ते वर आलं तेव्हा त्याला खिळ्यांची ही एवढी दाढी लोंबत होती. तुटकी टोकं, वाकडे खिळे, सुयांचे तुकडे. पुन्हा फिरवलं, पुन्हा आले. "बगा सिस्टर, येवडा मेवा खाल्लाय ह्यानं. आन् मी हात फिरवून म्हनायचो, कसं गुळगुळीत हाय."

त्यानंतर त्या माणसाने टेबलाच्या वरच्या फळीचा जो ध्यास घेतला, त्याने आम्हाला सगळ्यांना वात आणला. जेवायला बसलं तरी तेच, लोकलमध्ये भेटले तरी तेच. काम जमिनीवर फडकं अंथरून चाललं होतं, पाठ मोडत होती. पण फळी पटेना. त्यांचं म्हणणं एकच, "जिच्यात काय लपनार न्हाई, आशी पायजे." शिवाय रापीची धार जाता कामा नये, लोणावळ्याच्या पावसात फुगता कामा नये, वर्षानुवर्षं टिकायला हवी आणि आमच्या ट्रस्टच्या फाटक्या खिशाला परवडायला हवी. मी म्हटलं, "भाऊ, अशी तर सूनसुद्धा मिळत नाही!" हसले नाहीत.

स्टोअरने सनमायका लावलेली प्लायवूडची फळी दिली. पांढरी होती, दिसायला झकास. पण एका पावसाळ्यात कडा पुरीसारख्या फुगल्या आणि सनमायकाला सुऱ्यांच्या चिरा पडल्या. "चीर म्हंजी घर," भाऊ म्हणाले, "आज धूळ ऱ्हाईल, उद्या खिळा ऱ्हायाला यील." ती गेली. मग काच आणली. काचेवर कणसुद्धा लपत नाही, ही त्यांची अक्कल. पहिल्याच दिवशी रापी सटकून अंगठा कापला, मीच टाके घातले. मग कडाप्पा. तो हातोडीने तडकला, आणि काळ्यावर काळा खिळा दिसणार कसा, हे त्यांना विकत आणल्यावर सुचलं! मी यावरून त्यांना कितीतरी दिवस चिडवलं. मग वलवणला बंगल्याच्या कामावरून स्वयंपाकाच्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा चकटफू मिळाला. मजबूत, सपाट, ठोकायला एक नंबर. पण वर ठिपकेच ठिपके. भाऊंनी त्यावर तुटकी खिळ्याची टोकं पसरली, दोन पावलं मागे सरले आणि स्वतःच पसरलेली टोकं शोधायला लागले. सगळी काही सापडली नाहीत. झालं, ग्रॅनाइट खोलीबाहेर.

शेवटी उत्तर सापडलं ते तळेगावात, चिकनच्या दुकानात. रविवारी रांगेत उभे असताना त्यांनी बघितलं, की खाटीक ज्यावर सपासप तोडतोय तो लाकडाचा ओंडका नाही, जाड पांढरा प्लास्टिकचा पाट आहे. सुरा बोथट होत नव्हता, पाट चिरत नव्हता, पाणी मारलं की स्वच्छ. भाऊंनी खिशातून, फळ्या पारखायला कायम जवळ ठेवलेली, खिळ्याची टोकं काढली आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्या पाटावर टाकली! खाटीक सुरा घेऊनच अंगावर आला. भाऊ त्याला म्हणाले, "थांब रं बाबा, बगू दे. दिसत्यात. सगळी दिसत्यात."

तसा नवा पाट त्यांनी पुण्याहून आणवला. ग्रॅनाइट विकत घेतलं असतं त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत पडला, तरी स्टोअरकीपर कुरकुरला, "दवाखान्यात खाटकाचा पाट?" घरी आबा म्हणाले, "कातडं हुतंच, आता खाटीकखाना राह्यला हुता." पण भाऊंनी पाट बसवला. खाली खडी-क्रशरच्या पट्ट्याचं जुनं रबर घातलं, म्हणजे ठोका बसला तरी पाट हलत नाही. खिळ्यांचं सगळं काम बाहेर व्हरांड्यात, त्या ग्रॅनाइटवर. खोलीत खिळा आणायचा नाही. आणलेला दिसला तर डॉक्टरांनाही बाहेर काढायचे. चार-सहा महिन्यांनी रंध्याच्या पात्याने पाट खरवडायचा, एक बाजू झिजली की उलटा करायचा. असे पाट त्यांनी पुढच्या वर्षांत बरेच झिजवले.

आणि हात. काम सुरू करण्याआधी पाटावरून हात फिरवायचे. डोळे मिटून, पूर्ण तळवा टेकवून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चप्पल पेशंटला द्यायच्या आधी तिच्यावरूनही तसाच, खालून, आतून, टाचेपाशी दोनदा. हात कसला, वहाणेच्या तळासारखा राठ. पण त्या हाताला केस कळायचा. मी एकदा मुद्दाम माझा केस पाटावर टाकला होता. त्यांनी हात फिरवला, थांबले, केस उचलून मला परत दिला. "डोळा फसतो, सिस्टर. हात फसत न्हाई."

राहीबाईंच्या उरलेल्या पायाची चप्पल ते स्वतः इंदुरीला नेऊन द्यायचे. दवाखान्याने सांगितलेलं नव्हतं. जुनी झिजायच्या आत नवी तयार. दारात दिसले की राहीबाई ओट्यावरून ओरडायच्या, "आलास का मेल्या दुसरा न्यायला?" आणि हे खाली बसत बसत म्हणायचे, "न्हाई मावशी, ऱ्हायल्याला राखाया." दर खेपेला तेच बोलणं. मग चप्पल घालायच्या आधी तिच्यावरून हात फिरवायचा, तोही राहीबाईंच्या डोळ्यांदेखत. राहीबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. गेल्या तेव्हा तो पाय शाबूत होता. भाऊ मातीला जाऊन आले आणि मला म्हणाले, "येक ऱ्हायला." त्यात समाधान होतं की काय होतं, मला कळलं नाही.

आबासुद्धा शेवटी आले. साखर कुणाला सोडते? मुलाने पायाखाली कागद ठेवला, पेन्सिलीने पायाची रेघ ओढली, तेव्हा म्हातारा छताकडे बघत बसला होता. नव्या चपला घालून आमच्या व्हरांड्यात त्यांनी चार येरझारा घातल्या. मुलाला चकार शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "चालाया येतंय." भाऊ आत पाट पुसत होते. पुसलेलाच पाट पुसत होते.

आता या सगळ्यात एक गोष्ट मला, ड्रेसिंगवाल्या सिस्टरला, दिसायला हवी होती असं लोक म्हणतील. म्हणोत. बापाला साखर, मुलालाही आली. भाऊ गोळ्या घ्यायचे, माझ्याकडून रक्त तपासून घ्यायचे. पण पाय म्हणून कधी दाखवले नाहीत. विचारलं तर, "माजं मला कळतं." साठी झाली, रिटायर झाले, तरी रोज यायचे. हाताखाली मनीषा आली होती, दोन मुलांची आई, हाताची नेटकी. काम बहुतेक तीच करायची. पण शेवटचा हात भाऊंचा. त्यांनी डोळे मिटून फिरवल्याशिवाय चप्पल बाहेर जात नव्हती.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळची वेळ. मी एका पेशंटच्या पायाचा कागद द्यायला त्यांच्या खोलीत गेले. भाऊ पाटावरून हात फिरवत होते. डोळे मिटलेले, तळवा टेकलेला, हात सावकाश पुढे चाललेला. आणि हाताच्या मागे पांढऱ्या पाटावर लाल रेघ येत होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

त्यांनी डोळे उघडले. पाटाकडे बघितलं. "मनीषा, रंग कुटं सांडला गं?"

मी म्हटलं, "भाऊ, हात."

त्यांनी तळवा उलटा केला. मधल्या बोटात शिवणाच्या सुईचं मोडकं टोक रुतलेलं होतं. त्यांनी ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी सुई काढली तेव्हाही त्यांचा हात एवढासुद्धा मागे आला नाही. मनीषा ओक्साबोक्शी रडायला लागली, सुई तिच्या हातून मोडली होती. भाऊ तिला म्हणाले, "गप. पाटानं रगत दावलं, म्हंजी पाट बोलला. बोलला ना? पाटाची काय चुकी न्हाई, तुजीबी न्हाई." मग मला म्हणाले, "सिस्टर, त्यो दोरा आना."

आमच्याकडे पायाची जाणीव बघायला नायलॉनचा जाड दोरा असतो, प्लास्टिकच्या दांडीला लावलेला. पेशंटने डोळे मिटायचे. आम्ही दोरा एकेका जागी टेकवायचा आणि त्याने 'लागलं' म्हणायचं. मी दोरा आणला. भाऊ स्टुलावर बसले, दोन्ही तळवे त्या पाटावर उताणे ठेवले आणि डोळे मिटले. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. उजव्या हाताची सगळी बोटं झाली. तळवा झाला. मग डावा हात. मी सगळीकडे दोरा टेकवला, टेकवून वाकवला, आणि दांडी खाली ठेवली.

"करा की सुरू, सिस्टर," डोळे मिटूनच ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी किती पाय कापायला पाठवले, किती जणांच्या घरच्यांना सांगितलं. पण ते एक वाक्य माझ्याने बोलवलं नाही. मनीषानेच सांगितलं, "भाऊ, झालं सगळं तपासून."

भाऊंनी डोळे उघडले. मग ताडकन उठले. "मंग ह्या साली ज्या चपला गेल्या, त्यांच्यावरनं हात फिरला न्हाई. नुसता फिरवल्याला."

मी म्हटलं, "भाऊ, आधी खाली बसा. हाताला कळत नाही म्हणजे पायाला कधीपासून कळत नसेल? हाताआधी पाय जातात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? पाय दाखवा." मी अक्षरशः ओरडले. "माजे पाय कुटं पळून जात न्हाईत," म्हणाले, "आधी लोकांचे." आणि मनीषाला घेऊन निघाले.

पुढे कितीतरी दिवस ती दोघं फिरत होती. वलवण, इंदुरी, पार नाणे मावळात आतपर्यंत. जिथे एसटी जाते तिथे एसटीने, नाही तिथे चालत. भाऊ दारात उभे राहायचे, चपला मागून घ्यायचे, आणि मनीषा डोळे मिटून हात फिरवायची. लोकांना वाटलं, दवाखान्याची काही नवी तपासणी आहे. भाऊ मात्र प्रत्येकाला सांगायचे, "माजा हात मेलाय. त्यामुळं परत बगाया आलोय." वलवणच्या एका बंगल्यावर रखवालदार होता, त्याच्या चपलेत मनीषाच्या तळव्याला लागलं. सुईचं टोक, रबरात आडवं, अजून वर न आलेलं. भाऊंनी ते काढून घेतलं आणि त्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी आणि मनीषाने चहूबाजूंनी बघितला. पायाला ओरखडासुद्धा नव्हता. मनीषा सांगते, परतीच्या वाटेवर भाऊ शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

सगळी घरं संपली तेव्हा ते माझ्या ड्रेसिंगरूममध्ये आले आणि आपणहून पेशंटच्या स्टुलावर बसले. "हं, बगा आता." मी वास आधीच ओळखला होता. डाव्या चपलेच्या आत, बोटांच्या मुळाशी, खडीचा एक तुकडा रुतून बसला होता. बेगडेवाडीच्या रुळांलगत पडलेली असते तसली, काळी, टोकदार. त्यावर ते सगळं मावळ चालून आले होते. मी मोजे कापून काढले. बघितल्यावर मी त्यांना शिव्या दिल्या. खरंच दिल्या, तोंडाला येतील त्या, राहीबाईंच्या सुरात. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते.

पाय पुण्यालाच कापला, गुडघ्याखाली. डावा.

परवा मी बेगडेवाडीला गेले होते. मनीषाने त्यांच्या उजव्या पायाची चप्पल केली होती, ती द्यायला. एकच चप्पल पिशवीतून नेताना फार विचित्र वाटतं. भाऊ ओट्यावर बसले होते, कुबड्या भिंतीला. वाळले आहेत. मला बघून म्हणाले, "आलात का दुसरा न्यायला?" आणि हसले. मला उत्तर माहीत होतं, पण मी नुसती चप्पल पुढे केली.

त्यांनी ती घेतली. उलटी करून शिवण बघितली, पट्टा ओढून बघितला. "बरी केलीय. पाट पांढरा ठेवती ना ती? खरवडती ना?" म्हटलं, "खरवडते." मग सवयीने त्यांनी डोळे मिटले, तळवा चपलेच्या आत घातला आणि सावकाश टाचेपर्यंत नेला. तिथे थांबले. डोळे उघडले आणि स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं बघितलं.

मग चप्पल माझ्यापुढे धरली. "तुमी फिरवा, सिस्टर."

मी फिरवला. आतून फिरवला, खालून फिरवला. म्हटलं, "काही नाही भाऊ. स्वच्छ आहे."

"टाचंपाशी दोनदा," ते म्हणाले.

मी डोळे मिटले आणि टाचेपाशी पुन्हा हात फिरवला.